पत्त्यांची शिकवणी

आमच्या केळशी गावाला पत्त्यांचे वावडे कधीच नव्हते. चैत्रात महालक्ष्मीचा उत्सव आटोपावा, आंब्याच्या पेट्या मुंबई-पुण्याला रवाना व्हाव्यात, आणि मृगाच्या पावसाने एकदा ठाण मांडले की पडवीत पत्त्यांचा जोड निघायचा. मेंढीकोट, झब्बू, पाच-तीन-दोन असे डाव रंगायचे. पैज लागलीच तर तळलेल्या गऱ्यांची. हरणाऱ्याने उठून चहाचे आधण ठेवायचे, एवढीच शिक्षा. घरातल्या वडीलधाऱ्यांचेही त्याला काही म्हणणे नसे.

आज ज्या पत्त्यांविषयी मी बोलणार आहे ते या पडवीतले नव्हेत. खेळाचे नाव पोकर. तो हातातल्या फोनवर किंवा संगणकावर खेळला जातो. समोरचे गडी दिसत नाहीत, त्यांची नावेही खरी नसतात. पैसा मात्र खरा असतो. जगात काही माणसे हाच आपला व्यवसाय करून राहिली आहेत. आणि त्यांतली काही जण आणखी एक व्यवसाय करतात: ती हा खेळ दुसऱ्यांना शिकवतात, फी घेऊन, वेळापत्रक लावून, वह्या तपासून. म्हणजे थोडक्यात, तेही माझ्यासारखे मास्तरच.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. त्यामुळे 'हेही मास्तरच' हे वाक्य मला थोडे टोचते. ते का टोचते याचा आज तुमच्याबरोबर विचार करायचा आहे. आणि तो दुरून करण्याची मला सोय नाही, कारण या गोष्टीत माझीही एक चूक आहे. ती आधी सांगतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. एका दुपारीत माड मोडले, पोफळी आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली. आजोबांनी लावलेल्या बागा नातवांच्या देखत गेल्या. टाळेबंदीमुळे पुण्यामुंबईची पुष्कळ मुले तेव्हा गावातच होती. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. गणितात हुशार, स्वभावाने सरळ, पुण्याला संगणकाच्या कंपनीत नोकरी. त्या रिकाम्या दिवसांत तो पोकर शिकला. दोन वर्षांनी त्याने नोकरी सोडली, आणि पुढच्या वर्षी तो पंधरा-एक मुलांना शिकवू लागला.

आमच्याच वाडीतले एक बागायतदार मला भेटायला आले ते या सुमारास. त्यांचा मुलगा बारावी होऊन घरी बसला होता. म्हणाले, "सर, तुमचा तो विद्यार्थी पत्त्यांचा क्लास घेतो म्हणे. आमचा म्हणतो, मला लावा. तुम्ही काय सांगता?" मी विद्यार्थ्याची हुशारी ओळखून होतो, आणि या खेळामागचे गणितही मला थोडेफार ठाऊक होते. मी म्हणालो, "हा काही मटका नव्हे, यात हिशेब आहे. मुलगा चार आकडे शिकेल." बस, एवढेच बोललो. सल्ला फुकटचा होता, म्हणून फार विचार करून दिला नाही.

वर्षभरात त्या मुलाने फी धरून सव्वा लाख रुपये घालवले. ते पैसे बागेत नवी रोपे लावण्यासाठी ठेवलेले होते.

आता खेळाकडे वळू. माझे वाक्य अगदी खोटे नव्हते, हे प्रथम सांगितले पाहिजे. मटका म्हणजे निव्वळ आकड्याचा धंदा; १९६० च्या दशकात मुंबईत तो फोफावला. त्यात उद्याचा आकडा सांगणारे 'जाणकार' असत. त्यांची फजिती एका प्रश्नात होई: बाबा रे, तुला आकडा ठाऊक आहे, तर तो मला का विकतोस? स्वतःच का लावत नाहीस? पोकर शिकवणाऱ्याला हा प्रश्न इतक्या सहज लागू पडत नाही. कारण इथे शिकवण्यासारखे खरोखरच काही आहे.

एक उदाहरण घ्या. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि मध्ये पाच पाने एकेक टप्प्याने उघडली जातात. सातांतली उत्तम पाच ज्याची, त्याचा डाव. समजा तुमच्या हातात दोन बदाम आहेत. मध्ये चार पाने उघडली, त्यांत दोन बदाम. शेवटच्या पानाला आणखी एक बदाम आला तर पाच बदाम होऊन तुम्ही जिंकाल. मध्ये शंभर रुपये जमले आहेत आणि समोरच्याने आणखी पन्नास टाकले. आता पुढे जायचे तर तुम्हांलाही पन्नास टाकावे लागतील. जावे का?

हौशी माणूस म्हणतो, "आज नशीब जोरावर आहे, टाका!" शिकलेला माणूस मोजतो. तुम्ही पन्नास टाकलेत की रास होते दोनशेची. म्हणजे चार वेळांत एकदा तरी बदाम आला पाहिजे, तरच बरोबरी होईल. न दिसलेली पाने सेहेचाळीस, त्यांत बदाम नऊ. म्हणजे पाच वेळांत जेमतेम एकदा. चारांत एकदा हवे, मिळते पाचांत एकदा. पुढच्या बोलीत काही जादा मिळण्याची आशा नसेल, तर पाने खाली ठेवा आणि गप्प बसा.

शिक्षक मित्रहो, संभाव्यतेचा धडा यापेक्षा चांगला कुठे सापडेल? आणि ही थोर माणसांची वाट आहे. गणिती फॉन नॉयमन यांनी १९२८ साली खेळांच्या उपपत्तीवर निबंध लिहिला, आणि १९४४ साली मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरमधल्या हूल देण्याचे, म्हणजे पाने वाईट असताना मोठी बोली लावण्याचे, गणित मांडून दाखवले. आज अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही जी खेळांची उपपत्ती शिकवतो तिचे एक मूळ या पत्त्यांच्या टेबलापाशी आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतही २०१५ साली या खेळाचा अभ्यासवर्ग झाला होता.

हा खेळ शिकवण्याची परंपराही नवी नाही. अमेरिकेतले डॉइल ब्रन्सन १९७६ आणि १९७७ अशी दोन वर्षे लागोपाठ पोकरचे जगज्जेते झाले. पाठोपाठ त्यांनी आपल्या विद्येचे जाडजूड पुस्तक काढले. पुढे ते बोलून दाखवीत की, पुस्तकाने मिळाले त्याहून अधिक आपण गमावले, कारण समोरची माणसे ते वाचून आपल्याशी खेळू लागली. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

मग २००३ साली क्रिस मनीमेकर नावाच्या एका हिशेबनिसाने संगणकावरच्या लहानशा स्पर्धेतून प्रवेश मिळवून जगज्जेतेपद पटकावले आणि पंचवीस लाख डॉलर जिंकले. त्याचे आडनाव खरोखरच 'पैसे करणारा' अशा अर्थाचे आहे! त्या बातमीने जगभरातल्या कारकुनांना, विद्यार्थ्यांना वाटले, तो करू शकतो तर मी का नाही? लाखो लोक खेळू लागले. खेळणारे वाढले तसे शिकवणारेही वाढले.

पण या सगळ्यांच्या आधी आपल्याकडे एक शिकवणी होऊन गेली आहे. महाभारताच्या वनपर्वात नलाची कथा आहे. नल द्यूतात राज्य हरला, दमयंतीची ताटातूट झाली, आणि बाहुक नावाने तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाकडे रथ धावत असता राजाने वाटेतल्या बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे किती ते बसल्या जागी सांगितले. नलाने रथ थांबवून मोजून पाहिले. हिशेब बरोबर निघाला. मग ऋतुपर्णाने त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य शिकवले आणि मोबदल्यात अश्वविद्या मागून घेतली. ती विद्या मिळताच नलाच्या अंगातला कली बाहेर पडला. पुढे नलाने एका डावात राज्य परत जिंकले, आणि हरलेल्या भावाला क्षमा करून सोडून दिले.

या कथेत तीन गोष्टी ध्यानात धरण्यासारख्या आहेत. फाशांची विद्या मोजण्यातून सुरू होते. गुरूचे पोट शिष्याच्या हरण्याजिंकण्यावर अवलंबून नाही, त्याच्याजवळ राज्य आहे. आणि शिष्य ती विद्या शिकून आयुष्यभर खेळत बसत नाही. एक डाव, आणि संपले. युधिष्ठिरालाही हीच कथा सांगून बृहदश्व ऋषींनी अक्षहृदय दिले, ते त्याची पुन्हा फसवणूक होऊ नये म्हणून. म्हणजे आपल्याकडे जुगाराची शिकवणी ही जुगारातून सुटण्यासाठी होती!

आता कायदा. कौशल्य कुठे संपते आणि नशीब कुठे सुरू होते हा प्रश्न आपली न्यायालये कित्येक वर्षे सोडवीत आहेत. १८६७ चा सार्वजनिक जुगाराचा कायदा आणि आपल्याकडचा १८८७ चा मुंबईचा कायदा, दोन्हींनी निव्वळ कौशल्याचे खेळ बाजूला ठेवले. १९५७ साली शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांचा वाद सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. १९६७ साली त्याच न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. पोकरविषयी मात्र एकमत झाले नाही. गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली त्याला जुगार म्हटले. मद्रासच्या उच्च न्यायालयाने २०२३ साली त्याला कौशल्याचा खेळ मानले. आपल्या महाराष्ट्राची तर मौजच. १९७६ साली जुगारगृहांना परवानगी देणारा कायदा विधिमंडळाने केला, तो कधी अंमलात आणलाच नाही, आणि २०२३ साली रद्द केला. शेजारी गोव्यात मात्र मांडवीच्या पात्रात जुगाराच्या बोटी दिव्यांनी झगमगत उभ्या राहिल्या.

शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला सारला: पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कोणताही असो, चालवायचा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. पण मोठ्या कंपन्यांनी आपली पैशाची टेबले त्याच आठवड्यात बंद केली.

आणि त्याच आठवड्यापाठोपाठ गणपती आले. चतुर्थी २७ ऑगस्टला होती. कोकणचा माणूस गणपतीला घरी येतोच. माझा तो विद्यार्थीही आला. दर्शनाला म्हणून आमच्याकडे आला, आणि आरती झाल्यावर पडवीत बसून राहिला.

मी विचारले, "काय रे, शाळा बंद पडली ना तुझी?"

तो हसला. म्हणाला, "सर, रागावू नका, पण मला एक सांगा. मी फी घेत होतो, तुम्हीही पगार घेता. मी गणित शिकवत होतो, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता. माझा मुलगा हरला तर गाव माझ्या नावाने बोटं मोडतो. तुमच्याकडून एम. ए. झालेली किती मुलं आज नोकरीला आहेत?"

श्रोतेहो, या प्रश्नावर मी लगेच बोलू शकलो नाही. म्हणायला गेलो की, माझा एक विद्यार्थी शिकला म्हणून दुसऱ्याचे काही जात नाही. पण मग मला स्पर्धा-परीक्षांचे वर्ग आठवले. जागा थोड्या, मुले हजारोंनी, आणि फी सगळ्यांकडून सारखी. तिथेही एक आत गेला की दुसरा बाहेर राहतो. तेव्हा पोकरच्या मास्तरावर बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात, हे मान्य केले पाहिजे.

मी त्याला म्हटले, "तुझं म्हणणं खोटं नाही. आपण वहीच उघडू या."

वही, म्हणजे त्याचा संगणक. मुलगा प्रामाणिक. त्याने सगळा हिशेब दाखवला, नफ्याचा आणि तोट्याचाही. त्या रात्री आम्ही दोघांनी बसून जे गणित केले ते तुम्हांला सांगतो.

पोकरच्या एका डावात नशीब फार मोठे असते आणि कौशल्य फार लहान. हातात दोन एक्के आणि समोरच्याच्या हातात दोन राजे असले तरी शंभरात सुमारे अठरा वेळा एक्केवाला हरतो. कौशल्य दिसायला हजारो डाव लागतात. चांगल्या खेळाडूचा नफा आणि नशिबाचे हेलकावे यांचे जे आकडे जाणकार धरतात, ते धरून आम्ही हिशेब मांडला. दहा हजार डाव खेळल्यावरही शंभर चांगल्या खेळाडूंपैकी तीसएक जण तोट्यातच असतील. त्यांची चूक काही नाही, पाने पडली नाहीत. आता याची उलटी बाजू पाहा. जे थोडे कच्चे आहेत, जे शेवटी हरणारच आहेत, अशा शंभरांपैकी दहा हजार डावांनंतर चाळीस जण नफ्यात दिसतील! संगणकावर एका वेळी चार टेबलांवर खेळले तर दहा हजार डाव पंधरवड्यात होतात. म्हणजे पंधरवड्याने शंभरांतली चाळीस मुले येऊन सांगणार, "सर, तुमच्या शिकवणीचा गुण आला." त्यांनाही ते खरे वाटते, मास्तरलाही खरे वाटते. आणि ती चाळीस नावे जाहिरातीत जातात. उरलेली साठ कुणाला सांगायला जात नाहीत.

आमच्या वाडीतला मुलगा या चाळिसांपैकी होता. पहिल्या महिन्यात त्याने अकरा हजार कमावले. वडिलांना त्यातून छत्री आणि आईला साडी आणली. म्हणूनच पुढचे पैसे त्याच्या हाती पडले.

दुसरी गोष्ट, टेबल चालवणाऱ्याचा वाटा. जुगाराच्या अड्ड्यावर मालक नाल काढतो, तसा इथे प्रत्येक डावाच्या राशीतून कंपनी आपला हिस्सा कापून घेते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सरकारचा अठ्ठावीस टक्के करही भरलेल्या पूर्ण रकमेवर बसला. नऊ माणसांनी शंभर शंभर रुपये आणले, तर उठताना सगळ्यांचे मिळून नऊशे राहत नाहीत. हा असा खेळ की त्यात एकाला मिळते ते दुसऱ्याचेच, आणि तेही मध्ये गळून. सगळ्यांनी उत्तम शिकून घेतले तर सगळे मिळून नाल भरत बसतील. ब्रन्सन यांचे वाक्य आठवा: शिकवलेला माणूस समोर येऊन बसतो.

'शेती हादेखील जुगारच' असे आपण म्हणतो. वादळ आले की तोंडातून तो शब्द निघतोच. पण माझ्या शेजाऱ्याच्या माडाला नारळ लागला म्हणून माझ्या माडाचा नारळ गळत नाही. पीक बुडाले तर दोघांचे बुडते, आले तर दोघांचे येते. शेतीत जोखीम आहे, पण तिथे जगात नसलेली वस्तू जमिनीतून वर येते. पोकरच्या टेबलावर काहीच उगवत नाही.

तिसरी गोष्ट मला त्या रात्री प्रथम कळली. काही ठिकाणी मास्तर फी घेत नाही. उलट तोच शिष्याला भांडवल देतो. जिंकले त्यातला अर्धा वाटा मास्तरचा. हरले तर ती रक्कम शिष्याच्या नावे मांडून ठेवायची, आणि पुढच्या जिंकण्यातून आधी ती फेडून घ्यायची, मग वाटणी. हे ऐकताच मी म्हटले, "अरे, ही तर अर्धेल!" रत्नागिरी जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना खोती आठवत असेल किंवा वडिलांकडून ऐकून ठाऊक असेल. पिकाचा अर्धा वाटा खोताचा, आणि बाकी राहिली तर ती कुळाच्या डोक्यावर पुढच्या सालात. ती पद्धत मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले, आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. फरक एवढाच की इथे कूळ स्वखुशीने येते आणि करार संपला की सहसा सुटते. पण बाकीच्या ओझ्याखाली खेळणारा मुलगा शांत डोक्याने खेळत नाही, हे माझ्या विद्यार्थ्यानेच सांगितले.

मग मी त्याला शेवटचा प्रश्न विचारला. "गेल्या दोन वर्षांत खेळून किती मिळाले आणि शिकवून किती?"

तो थोडा थांबला. म्हणाला, "सर, खेळून मिळालं त्याच्या दुप्पट शिकवून मिळालं. टेबलं अवघड झाली होती. आता संगणकच माणसापेक्षा चांगला खेळतो, सगळे त्याच्यापाशी बसून शिकतात." ते खरेच आहे. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या यंत्राने चार कसलेल्या खेळाडूंना एक लाख वीस हजार डावांत हरवले होते. "मग," तो म्हणाला, "माझं घर शिकवण्यावर चालायला लागलं. आणि शिकवणी चालायची तर मुलांनी खेळत राहायला हवं. एखाद्याला 'तू थांब, हे तुझं काम नव्हे' असं सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. दोघांना सांगायचं मनात होतं. आपल्या वाडीतला त्यांतला एक."

श्रोतेहो, मला वाटते, मास्तर आणि मास्तर यांतला फरक इथे आहे. तो फीमध्ये नाही, विषयातही नाही. विद्यार्थ्याला 'थांब' म्हणण्याची वेळ आली की ते म्हणता येते की नाही, आणि म्हटल्याने आपले पोट अडते की नाही, यात तो आहे. आणि ही कसोटी आम्हां पगारी मास्तरांनाही लावावी लागेल.

पैशाच्या ऑनलाइन टेबलांना कायद्याने मनाई झाली. पण शिकवणारे जात नाहीत. ते विषय बदलतात. पोकरऐवजी शेअर बाजारातले झटपट सौदे येतील, आभासी चलन येईल. तेव्हा गावातल्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी चार प्रश्न मी लिहून ठेवले आहेत. कोणीही असली शिकवणी घेऊन आला तर विचारावेत.

पहिला: तुमची वही पुरी दाखवाल का, जिंकल्याची आणि हरल्याचीही, एका महिन्याची नव्हे, दोन वर्षांची? दुसरा: तुमचे घर या विद्येवर चालते की ती शिकवण्यावर? तिसरा: आजवर किती विद्यार्थ्यांना तुम्ही 'हे सोडून दे' म्हणून सांगितले? आणि चौथा: सगळ्यांनीच ही विद्या शिकली, तर पैसा येणार कोठून? या चार प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली तर पुढे बोलावे. प्रश्न विचारल्याचा राग आला, तर तेही उत्तरच समजावे.

गौरीच्या दिवशी तो विद्यार्थी आणि मी त्या बागायतदारांकडे गेलो. पाऊस होता. त्याने ओटीवर उभे राहूनच सांगितले, "काका, फीचे पैसे मी हप्त्याने परत करतो. तुमच्या मुलाने खेळात घालवले ते मात्र माझ्याजवळ नाहीत. ते कुणाकुणाच्या खिशात गेले ते मलाही ठाऊक नाही."

मला वाटले, ते नको म्हणतील. सणाचा दिवस होता. ते म्हणाले, "दे, बाबा. मला लागणार आहेत." आणि मग, "आत या, भिजताय कशाला."

परसदारी त्यांचा मुलगा आळी साफ करीत होता. वादळानंतर त्यांनी कशीबशी लावलेली थोडी रोपे आता छातीइतकी झाली होती. त्यांना नारळ धरायला अजून काही वर्षे जातील. जी लावायची राहिली, त्यांची जागा अजून रिकामी आहे.

विद्यार्थी आपली फी परत करतो आहे. पुण्यात त्याला पुन्हा नोकरी मिळाली. माझे काय? मी सल्ल्याचे पैसे घेतले नव्हते, म्हणून परत करायलाही माझ्याजवळ काही नाही. फुकट दिलेला सल्ला परत घेता येत नाही. फार तर तो चुकला होता एवढे चारचौघांत सांगता येते. ते आज सांगितले.